मुलगी ॲपवर वाचते, आप्पा चरित्रं आणतात

ताई, नमस्कार.

आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मी घरीच शिवणकाम करते, मिस्टर साखर कारखान्यात आहेत. मोठी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, सेमी इंग्लिशला. धाकटा सहा वर्षांचा, इंग्रजी शाळेत पहिलीत. सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो.

मुलीला लहानपणापासून वाचनाचं वेड. पाचवीपर्यंत भेळेचा कागदसुद्धा वाचून मगच टाकायची. गेल्या वर्षापासून मात्र पुस्तक हातात धरत नाही. आप्पा प्रदर्शनातून थोरांची चरित्रं नि संस्कारकथा आणतात, त्या कपाटात तशाच पडून असतात. मला वाटलं, अभ्यास वाढलाय. मागच्या महिन्यात कळलं की रात्री गोधडीत माझा फोन घेऊन ती एका गोष्टींच्या ॲपवर वाचत बसते. गोष्टी मराठीच, पण कसल्या! श्रीमंत बॉस, गरीब मुलगी, करार करून लग्न. एकेक गोष्ट दीडशे-दोनशे भागांची. एका भागात चुंबनाचं वर्णन होतं. मी ॲप काढून टाकलं आणि रागाच्या भरात दोन शब्द जास्तच बोलले. मग दप्तर तपासलं, तर विज्ञानाच्या वहीत मागच्या पानांवर तिने स्वतःच तसली गोष्ट लिहायला घेतलीय. वही बघितल्याचं तिला माहीत नाही. मिस्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. सध्या ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

धाकट्याला पुस्तक दाखवलं की तो पळतो. जेवताना मोबाइल लागतो. मराठी अक्षरं धड येत नाहीत.

या मुलांच्या वयाची नवीन, चांगली मराठी पुस्तकं निघतात तरी का? निघत असतील तर ती आमच्यापर्यंत का येत नाहीत? इथल्या दुकानात गाइडं आणि वह्याच जास्त. आणि आप्पांना न दुखावता कसं सांगू?

– एक आई

* * *

नमस्कार.

मुलगी पुस्तक हातात धरत नाही असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे लगेच दीडशे भागांच्या गोष्टीबद्दल लिहिलंय. अहो, दीडशे भाग छापले तर ठोकळ्यासारखी कादंबरी होईल. एवढं वाचणारी मुलगी वाचनापासून दूर गेली असं कसं म्हणायचं? तिला जे वाचायचं होतं ते घरच्या कपाटात नव्हतं, फोनमध्ये मिळालं. तेव्हा वाचनाची काळजी सोडा. काय वाचते याची थोडी करू.

पण आधी वहीचं. ती होती तिथेच, होती तशी आहे ना? मग पुन्हा उघडू नका, आणि पाहिल्याचं बोलूही नका. मिस्टरांना नाही, आप्पांना तर नाहीच. आपलं लिहिणं आई चोरून वाचते हे कळलं की मुलगी लिहायचंच बंद करते. किंवा लिहिते आणि फाडून टाकते. तेराव्या वर्षी कुणी न सांगता गोष्ट लिहायला बसणाऱ्या मुली वर्गात एक-दोनच असतात. तुमच्या घरात त्यातली एक आहे. पहिल्या गोष्टीत बॉस आला तर येऊ द्या, तो काही कायमचा मुक्कामाला आलेला नाही.

आता त्या ॲपवरच्या गोष्टी. वाचनालयाचा बालविभाग सांभाळत असल्यामुळे पोरी काय वाचतात ते मला वाचावंच लागतं, त्यामुळे हा माल माझ्या परिचयाचा आहे. तुम्हाला चुंबन खटकलं. मला त्या बॉसची वागणूक खटकते. तो तिचं मनगट आवळतो, तिला भिंतीशी रेटतो, तिचा फोन तपासतो, ती दुसऱ्या मुलाशी बोलली तर दोन दिवस अबोला धरतो. आणि हे सगळं म्हणजे केवढं प्रेम, अशा थाटात लिहिलेलं असतं. भाग संपतो तेव्हा ती रडत असते, पुढच्या भागात त्याच्या छातीवर डोकं टेकून उभी असते. प्रेमाची गोष्ट तेराव्या वर्षी वाचावीशी वाटणारच. भूगोलाच्या पुस्तकात कादंबरी लपवून वाचणाऱ्या मुली आपल्याही वर्गात होत्या. पण आवळलेलं मनगट म्हणजे प्रेम, हे डोक्यात बसलं तर पुढे फार महागात पडतं.

म्हणून असं करा. ती गोष्ट तुम्ही स्वतः वाचा. सगळी नको, आठ-दहा भाग पुरेत. रागाने वाचू नका, मालिका बघतो तशी वाचा. मग एखाद्या संध्याकाळी दोघींचे हात कामात असताना, ती बटणं लावत असेल, तुम्ही काजं करत असाल, तेव्हा विषय काढा. समोरासमोर बसवून काढलेला विषय या वयात लगेच मिटतो. आधी त्या दिवशी जास्त बोलले हे सांगून टाका, एका वाक्यात, लांबण न लावता. मग विचारा, ‘ती त्याला सोडून का जात नाही गं?’ एवढंच. उत्तराची घाई करू नका. तिला त्या गोष्टीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे, तीच सांगेल. ती नायकाची बाजू घेऊन भांडली तर भांडू द्या. भांडता भांडता तिला आपलं म्हणणं आपल्याच कानांनी ऐकू येतं.

ॲप परत द्यायचं का? माझं मत द्यावं असं आहे, पण तुमच्या देखत आणि झोपायच्या आधी फोन परत, या बोलीवर. नाही दिलंत तर मैत्रिणीच्या फोनवर आहेच. मात्र परत देण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघा. अशा बऱ्याच ॲपांवर वाचक एकमेकांना निरोप पाठवू शकतात. तिच्या नावाने खातं आहे का, त्यात खरं नाव, फोटो, शाळा टाकलीय का, अनोळखी कुणाचे निरोप आलेत का, हे तिला सोबत घेऊन पाहा. दुसरं म्हणजे पुढचा भाग उघडायला पैसे किंवा नाणी मागतात. तुमच्या फोनला बँक जोडलेली असेल तर तिकडेही लक्ष असू द्या. माझ्या मते एका चुंबनापेक्षा या दोन गोष्टी जास्त जोखमीच्या.

आता पुस्तकं.

नवीन निघतात का, या प्रश्नाचं खरं उत्तर वयाप्रमाणे बदलतं. सहा वर्षांच्या मुलासाठी मराठीत आज फार सुंदर पुस्तकं आहेत. आपल्या लहानपणी याच्या पासंगालाही पुरेल असं काही नव्हतं. दहा वर्षांपर्यंतही बरं चाललंय. बारा ते सोळाचा कप्पा मात्र विरळ आहे, हे मान्य करायलाच हवं. कारण साधं आहे. मराठीत पुस्तकाची आवृत्ती निघते हजारभर प्रतींची, मुलांच्या पुस्तकांची खरेदी करतात शाळा, शिक्षक, आजोबा आणि काका. तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या पैशाने पुस्तक घेते असं क्वचितच. तेव्हा लेखकानेही आणि प्रकाशकानेही डोळ्यांसमोर ठेवलेला असतो तो शिक्षक. मग गोष्टीच्या शेवटी कुणीतरी सुधारतं, झाड लावतं, आईची क्षमा मागतं. मुलांना हा वास पहिल्या पानावर येतो आणि ती पुस्तक मिटतात.

तरी या कप्प्यात काहीच नाही असं नाही. साहित्य अकादमी 2010 पासून दर वर्षी मुलांसाठीच्या पुस्तकांना बाल साहित्य पुरस्कार देते, मराठीलाही. पुरस्कार मिळालेलं प्रत्येक पुस्तक पोरांना आवडतं असं मुळीच नाही, काहींकडे आमच्याकडची मुलं ढुंकून बघत नाहीत. पण नवीन काय आलंय हे कळायला ती यादी उपयोगी आहे. त्यातलं ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ (2017) तुमच्या मुलीच्या हातात जावं असं मला फार वाटतं. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट आहे. कोयनेच्या काठी राहणाऱ्यांना असं गाव म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तुमच्या ओळखीत, कदाचित नात्यातही, उठलेल्या गावची माणसं असतील. पुस्तक संपल्यावर मुलगी त्यांना काही विचारायला गेली तर नवल नाही. संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’ (2022) रोजनिशीच्या रूपात आहे. तेरा वर्षांच्या मानाने जरा लहान वाटेल, पण लिहिणाऱ्या मुलीला दुसरी लिहिणारी मुलगी भेटलेली आवडते. रहस्य, भुताटकी आवडत असेल तर भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ (2024).

पण माझा अनुभव विचाराल तर या वयाला मुलांसाठी म्हणून छापलेल्या कप्प्यात अडकून राहू नये. मोठ्यांसाठी लिहिलेली, मुलांना आपलीशी वाटणारी पुस्तकं मराठीत आहेत, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं तर तुमच्या कराडातलं आहे! प्रकाश नारायण संत तिथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. कवयित्री इंदिरा संतांचे ते चिरंजीव. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं. भाषा बेळगावकडची, कानडीचा हेल असलेली, आणि बोलणारा मुलगा असा की त्याला सगळं ‘मॅडसारखं’ होतं. त्यात सुमी आहे. लंपनला सुमीबद्दल जे वाटतं त्याला तो नाव देत नाही, देऊ शकत नाही. पण ती दिसली नाही की त्याचा दिवस कसा जातो ते वाचा, आणि मग त्या बॉसचा कुठलाही भाग काढून शेजारी ठेवा. फरक तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. 2024 मध्ये यावरून मालिकाही आली, मुलीने कदाचित नाव ऐकलं असेल. सुरुवात ‘वनवास’पासून करा. पहिली काही पानं भाषेमुळे अडखळायला होतं, ती तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलीत तर गाडी सुरू होते.

दुसरं, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. 2004 ची कादंबरी, काळ आणीबाणीचा, मुलं नववीतली. मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते, आणि चार मित्र मिळून दिवसभर कुणाची कुणावर लाइन आहे याच्याच चर्चा करतात. आधीच सांगते, त्यात मुलांची भाषा जशी असते तशी आहे, थेट आणि जागोजागी वाह्यात. तुम्ही आधी वाचा, मग ठरवा, आता द्यायची की वर्षभराने. मी आठवीतल्या मुलींना दिलेली आहे. नववीतल्या मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे मुलींना एरवी कुणी सांगत नाही. इथे ते कळतं, आणि तो मुलगा बॉससारखा तोऱ्यात नसतो, बिचारा घाबरलेला असतो.

आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी. मराठी अनुवाद सहज मिळतो. आपण हे पुस्तक युद्धाचं म्हणून मुलांना देतो, आप्पांनाही ते चालेल. पण तेराव्या वाढदिवसाला, 12 जून 1942 रोजी, हातात आलेल्या वहीत ती मुलगी काय लिहिते? आईशी पटत नाही, शरीर बदलतंय, वरच्या खोलीतला पीटर आवडायला लागलाय, त्याने पहिल्यांदा मुका घेतला. 1947 मध्ये वडिलांनी डायरी छापली तेव्हा त्यांनी शरीराबद्दलचा आणि आईबद्दलचा काही मजकूर गाळला होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो परत घातला गेला. एवढं सोसलेल्या बापालाही मुलीची वही जशीच्या तशी छापवली नाही, मग तुम्ही चिडलात यात नवल काय?

प्रेमाचा विषय थोडा बाजूला ठेवून वेगळं काही हवं असेल, तर सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाने काढल्यात. गोष्ट सांगणारा तोपशे शाळकरी आहे, त्यामुळे मुलं चटकन आत शिरतात. एक खोट आहे, त्या जगात बायका-मुली जवळजवळ नाहीतच, आणि आमच्याकडच्या एका मुलीने ती मला तिसऱ्या पुस्तकानंतर बरोबर दाखवून दिली. विज्ञान आवडत असेल तर जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. रेल्वे स्टेशनवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची अरुण साधूंची ‘झिप्र्या’ही या वयात पकड घेते. यातलं काहीच या वर्षीचं नाही, ठाऊक आहे मला. तिने वाचलेलं नाही, म्हणजे तिच्यासाठी नवीनच.

ताजं वाचायचं असेल तर मासिकं. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, आणि जुने सगळे अंक त्यांनी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. तुमच्या वेळचा अंक काढून दाखवा, मजा येईल. ‘वयम्’ आणि ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ नेमकं तुमच्या मुलीच्या वयाचं आहे. दिवाळीत साधना साप्ताहिकाचा बालकुमार अंक येतो, तो स्वस्त असतो आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचतो. ‘किशोर’मध्ये मुलांनी लिहिलेलंही छापतात. हे मात्र तिला तुम्ही सांगू नका. अंक घरात असला की तिचं तिला दिसेल.

मिळवायची कुठून, हा तुमचा खरा अडसर. गाइडांच्या दुकानात ही पुस्तकं नसणारच. पहिल्यांदा तालुक्याच्या वाचनालयाचं कार्ड काढा, मुलीच्या नावाने, तुमच्या नको. अनुदानित सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग बहुधा असतो. पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. चार सभासदांनी एकच नाव लिहिलं की आम्ही ते खरेदीच्या यादीत घालतो, एवढी साधी गोष्ट आहे, पण लोक लिहीतच नाहीत. विकत घ्यायची तर प्रकाशकांना फोन केला की पुस्तकं कुरिअरने घरी येतात. आणि साताऱ्याला ग्रंथमहोत्सव भरतो तेव्हा मुलीला स्वतः निवडायला न्या. तिच्या हातात पैसे द्या आणि तुम्ही बाहेर चहा प्या. मुलं पुस्तक कशी निवडतात ते मी रोज बघते. आधी मुखपृष्ठ, मग जाडी, मग मधलंच एखादं पान उघडून चार ओळी, त्यात संवाद आहेत का ते, आणि शेवटी मागे वळून कोण बघतंय का ते. कुणी बघत असेल तर पुस्तक परत जागेवर जातं.

घरी आणलेलं पुस्तकही ‘वाच’ म्हणून हातात देऊ नका. शिलाई मशीनवर राहू द्या, तुम्ही वाचत असल्यासारखं. खरंच वाचत असाल तर उत्तमच. दहा पानांत आवडलं नाही तर सोडायची मुभा तिला हवी, मोठ्यांना असते तशीच. आणि ‘किती पानं झाली?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा.

धाकट्याचं त्या मानाने फार सोपं आहे. त्याला पुस्तक दाखवलं की तो पळतो, कारण त्याला वाटतं आता अक्षरं विचारणार. विचारू नका. सहा वर्षांच्या मुलाने मराठी पुस्तक स्वतः वाचायचं नसतं, ऐकायचं असतं आणि चित्रं वाचायची असतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आणा, ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली. ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टी. ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’ ही नावंच बघा. पहिलीतल्या मुलाच्या आयुष्यात याहून मोठं काय घडतं? उपदेश शोधून सापडत नाही. त्यांचंच ‘चित्रवाचन’ म्हणून एक पुस्तक आहे, त्यातल्या एकेका चित्रावर तुम्ही दोघं अर्धा तास बोलत बसाल. कोण कुठे चाललंय, कोण कुणावर चिडलंय, पुढे काय होणार? उत्तरं त्याला देऊ द्या, तुम्ही चुकीची उत्तरं देऊन त्याला खोड काढायची संधी द्या. याच पुरंदरेबाईंना 2014 चा बाल साहित्य पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या बाबतीत अकादमीचं आणि पोरांचं एकमत आहे.

बरोबर विंदा करंदीकरांच्या कविता. ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ रात्री दिवा मंद करून वाचा, बघा मोबाइल आठवतो का. ‘चिकूपिकू’ मासिक त्याच्या वयाचं आहे. फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. 2015 पासून त्यावर मराठीसह कितीतरी भाषांतल्या चित्रगोष्टी कुणीही वाचाव्या, उतरवून घ्याव्या, छापाव्या अशी मोकळीक आहे. चार पातळ्या असतात. पहिल्या पातळीच्या दोन गोष्टी छापून, मधे शिवून पुस्तक करून द्या, सुईदोरा तुमच्याकडे आहेच. शिवलेल्या पुस्तकावर मालकाचं नाव त्याने स्वतः घालायचं, मराठीत. तिथून अक्षरं सुरू होतील. जेवतानाचा मोबाइल एकदम काढू नका, आधी रात्रीचा काढा. झोपताना रोज एक गोष्ट. तीच गोष्ट पंधरा दिवस मागितली तर तीच वाचा. कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही.

रोज वाचायला वेळ कुठून आणू, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. लग्नसराईत तर ब्लाउजांचा ढीग असणार. इथे आप्पा लागतात.

आप्पांना ‘चरित्रं आणू नका’ असं सांगायची मला गरज वाटत नाही. ज्या माणसाने जन्मभर वर्ग सांभाळला, तो आता प्रदर्शनात जाऊन नातवंडांसाठी पेन्शनमधून पुस्तकं आणतो. त्या माणसाला ‘तुमची निवड चुकते’ म्हणायचं? त्यापेक्षा त्यांना काम द्या. ‘आप्पा, धाकट्याला मराठी येत नाही, रोज रात्री एक गोष्ट तुम्ही वाचाल का?’ मुख्याध्यापकाला याहून गोड विनंती नाही. फक्त पुस्तक वर सांगितलेल्यातलं असावं आणि शेवटी तात्पर्य विचारायचं नाही, एवढं तुम्ही हसत हसत पदरात पाडून घ्या. वर्षभराने त्या दोघांचं जमलं की फास्टर फेणे आणि बोक्या सातबंडे आहेतच. आप्पांनाही बनेश, म्हणजे फास्टर फेणे, नव्याने भेटेल.

त्यांच्या आवडीचं ‘श्यामची आई’ही कपाटात कोंडू नका. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्याची घडण बघा. रात्री मंडळी जमतात, श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात. म्हणजे ते एकट्या मुलाच्या हातात देऊन ‘वाच आणि शीक’ म्हणायचं पुस्तकच नाही, कुणीतरी सांगायचं पुस्तक आहे. आप्पांनी एखादी रात्र वाचावी आणि मग पुस्तक मिटून आपल्या आईची एखादी आठवण सांगावी. मुलगी पलीकडे गृहपाठ करत असेल, तिचे कान इकडेच असतील.

चरित्रांचंही आप्पांशीच बोला. मुलीने मागितलेलं एक पुस्तक आणि त्यांच्या आवडीचं एक, असा करार करा. घरात करारांची सवय झालीच आहे म्हणा! वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ त्यांच्या वाट्याला येईल. चरित्र असूनही ते मुलं खरोखर वाचतात, 1981 पासून वाचत आलीत.

आणि पुढच्या सुट्टीत सगळे मिळून भिलारला जा. तुमच्याच जिल्ह्यात, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे. 2017 च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत, ओसरीवर विषयवार पुस्तकं मांडलीत, बालसाहित्याचं वेगळं घर आहे. पाहिजे ते काढायचं, बसून वाचायचं, पैसे लागत नाहीत. आप्पांना चरित्रांच्या घरात सोडा, धाकट्याला घेऊन तुम्ही बालसाहित्यात बसा. मुलीला कुठल्या घरात जायचं ते विचारू नका, जेवायला किती वाजता कुठे भेटायचं तेवढं सांगा. शनिवार-रविवार टाळा, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तिकडे गाड्यांची रांग लागते. आणि तिच्या एखाद्या मैत्रिणीलाही गाडीत घ्या. ज्या मैत्रिणीच्या फोनवर बॉस अजून चालू आहे, तीच असली तर फार बरं.